खोट्या चुलीचा उजेड

बसा. सुमित, शटर अर्धं ओढून घे, डास येतात. हर्षदा, तू त्या केबलच्या बंडलवर बस, पुसलेलं आहे. आणि माऊली, ती मोबाईलची बॅटरी बंद कर आधी. हनुवटीखाली धरून मला काय दाखवतोस? तीस वर्षं मी तेच केलंय, मुंबईला आणि पुण्याला, लाइटमन म्हणून. बोलीची माझ्या खिचडी झाली, केस गेले, पण उजेड कुठून मारला की माणूस कसा दिसतो, एवढं मला कळतं. बंद कर म्हणतो ना.

लाइट देतो म्हणालो मी तुम्हाला. दौंडात मांडववाल्यांकडं झालर मिळेल, हॅलोजन मिळेल, सिनेमाचे लाइट मात्र साहेबराव आप्पाकडंच, म्हणून आलात. कॉलेजच्या स्पर्धेला भुताची फिल्म करताय, करा. पण मघाशी सुमित काय म्हणाला? भुताला नटी कशाला, आपल्या आळीतली अनसाबाई बसवू, तिला मेकअपसुद्धा लागणार नाही. आणि तुम्ही तिघं खिदळलात. खरं सांगतो, माझं तोंड कडू झालं. मला पोपट आठवला.

पोपट म्हणजे माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेला लाइटमन. इथलाच, दौंडचा. ह्यातलं निम्मं त्यानं मला सांगितलंय, तू बसलीयस ना हर्षदा, तिथंच बसून, आणि शेवटचं मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. लाइट पाहिजेत ना? मग ऐकून घ्या, नंतर न्या.

दोन हजार एकोणीस साल. मार्च महिना, बारा तारीख, मंगळवार. सकाळी साडेसातला पोपटनं ह्याच गोडाऊनमधून टेम्पो भरला. चार मोठे लाइट, स्टँड, केबल, काळ्या कापडाचे तागे, आणि एक एलईडीची पट्टी. कामाचा पत्ता वरवंडच्या पुढं, कालव्याच्या कडेचं एक पत्र्याचं घर. दोन दिवसांचं काम. निघताना बायकोनं सांगितलं, येताना गुऱ्हाळावरनं गुळाची एक ढेप आणा, संपलाय. बरं म्हणाला. वरवंडला चहा प्यायला, दोन भजी खाल्ली, आणि नऊ वाजता कामावर हजर. ह्यात सांगण्यासारखं काहीच नाही. असे हजार दिवस काढलेत आम्ही.

डायरेक्टर होता सत्यजीत. शिरूरचा पोरगा, पुण्यात सिनेमा शिकून आलेला. हुशार होता, त्याबद्दल वाद नाही. मोबाईलवर बघायची मालिका करत होता, भुताची. लहान पोरांना झपाटणारी एक म्हातारी, अशी काहीतरी ती गोष्ट.

आता तुम्ही म्हणाल, भुताची गोष्ट आहे तर रात्र कुठली, अमावस्या होती का. नव्हती. ह्या गोष्टीतली रात्र दुपारी अडीच वाजताची आहे. रात्री शूटिंग केलं की माणसं पेंगतात, किडे लाइटवर येतात, कुत्री भुंकतात. म्हणून दिवसाच रात्र करायची. खिडक्यांवर काळं कापड, दारावर काळं कापड, पत्र्याच्या फटीत बोळे. पोपटनं दोन तास खपून त्या घराच्या मधल्या खोलीत अशी रात्र केली, की स्वतःचा हात दिसेना. बाहेर मार्चचं ऊन, वर पत्रा, आत सोळा माणसं. घामाचा वास, गुटख्याचा वास, कोपऱ्यात वडापावचे तेलकट कागद. पोपट म्हणायचा, त्या खोलीत श्वास घ्यायची पण किळस वाटत होती.

घर होतं भैरूचं. मेंढरामागं फिरणाऱ्यांचं घर, पण बापाच्या वेळेपासून शेतीवर बसलेलं. भैरू कुरकुंभला कंपनीत. त्या दिवशी त्याची फर्स्ट शिफ्ट, म्हणून घरात फक्त त्याची आई, बानूबाई. त्याची पोरगी धनश्री शिरूरकडं दिलेली, सहावा महिना चालू होता तिला.

आणि ही बानूबाई दृष्ट काढायची. हसू नका. वरवंडपासून पाटसपर्यंत कुणाचं पोर रात्री किरकिरलं, दूध पिईना झालं, की सकाळी तिच्या दारात. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घ्यायची, पोरावरून उतरवायची, आणि चुलीत टाकायची. कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही तिनं कधी. पंचाहत्तरी ओलांडलेली, उंच, नाक मोठं, तोंडाला सुरकुत्यांचं जाळं, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला. पण पोरं तिला भ्यायची नाहीत. तिच्या मांडीवर गप व्हायची. पन्नास वर्षांत तिनं जवळ घेतलेली पोरं आता आईबाप झालीत, त्यांची पोरं पण तिच्याचकडं यायची. तिचं सगळं नाव तेवढ्यावर उभं होतं.

त्या दिवशी भुताचं काम करायला पुण्याहून एक नटी आलेली. दोन तास तोंड रंगवलं तिचं. कॅमेऱ्यात बघितलं तर शाळेच्या गॅदरिंगमधली पोरगी दिसत होती. सत्यजीत वैतागला. बाहेर आला. बानूबाई पडवीत सूप घेऊन मटकी निवडत बसलेली. तो दोन मिनिटं तिच्याकडं बघत उभा राहिला. मग पोपटला हळूच म्हणाला, "पोपटदादा, हिला फक्त खालून लाइट मारायचा."

हे खालून लाइट मारणं म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण तुम्ही तेच न्यायला आलाय. उन्हात उभं राहा. नाकाची सावली कुठं पडते? मिशीवर, ओठावर. आईच्या पोटातून बाहेर आल्यापासून आपण माणसाचं तोंड असंच बघतोय, उजेड वरून आणि सावली खाली. आता तोच उजेड हनुवटीखालून मारा. नाकाची सावली वर सरकते, कपाळावर जाते. डोळ्याखालचं मांस उजळतं, डोळे खोबणीत जातात. ती तुमची सख्खी आई असली तरी क्षणभर तुम्ही दचकता. का दचकला ते तुम्हाला सांगता येत नाही. आम्हाला येतं. त्याचेच पैसे मिळतात आम्हाला.

कॅमेऱ्याची पण तीच गंमत. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा ठेवला तर काहीच होत नाही. तो खाली ठेवा आणि वर बघायला लावा, की बघणारा लहान पोर होतो आणि समोरचा राक्षस. अर्धी चौकट रिकामी, काळी ठेवा, की बघणारा आपसूक त्या काळ्यात बघत बसतो, आता काय येतंय म्हणून. मग जे येईल त्याला तो भितो. मांजर आलं तरी भितो.

सत्यजीतनं कॅमेरा कुठं ठेवला माहितीय? पाळण्यात. खोलीत भैरूच्या घरचा जुना लाकडी पाळणा होता, धनश्रीसाठी पुसून ठेवलेला. त्यात उशी घातली, त्यावर कॅमेरा, आणि वरून बाळाचं दुपटं. फक्त काच उघडी. दुपट्याखाली एक मोबाईल ठेवला, त्यावर बाळाच्या रडण्याचा आवाज लावला. आणि पाळण्याशेजारी पोपटला चूल करायला सांगितली. तीन विटा, अर्धी जळकी लाकडं, थोडी राख. आत ती एलईडीची पट्टी, वर नारिंगी जिलेटिनचा कागद. पोपट लांब बसून डिमरचं बटण कमीजास्त करणार, म्हणजे उजेड हलणार. जाळ हलतो तसा. हात लावला तर गार. पण बघणाऱ्याला चूलच. पोपटचा हातखंडा होता त्यात.

मग सत्यजीत बाहेर गेला, म्हातारीपुढं उकिडवा बसला.

"आजी, आमच्यातल्या एका बाईंचं बाळ आहे आत. सारखं रडतंय. दृष्ट काढता का जरा?"

तिनं सूप लगेच खाली ठेवलं. "आगं बया. आन् आत कशाला ठिवलं उकाड्यात? खिडक्यास्नी काळं का लावलंय?"

"डोळे आलेत त्याचे. उजेड सोसत नाही."

पटकन सुचलं त्याला ते. पोपट दारात उभा राहून ऐकत होता.

"चूल पेटलीया का?"

"पेटलीय आजी. फक्त लांबून टाका. बाळाला धग नको."

म्हातारी उठली, घरातनं मिठाची बरणी घेतली, मोहऱ्या घेतल्या, सात मिरच्या घेतल्या. काळं कापड उचलून तिला आत घेतलं. पन्नास वर्षं ज्या खोलीत वावरली, तिथं तिला हाताला धरून न्यावं लागलं. पोपट डिमरपाशी जाऊन बसला. त्याला बोलायचं होतं म्हणे. एवढंच म्हणायचं होतं की मावशी, ही चूल खोटी आहे. तोंडापर्यंत आलेलं. पण सोळा माणसं, काम चालू, डायरेक्टर पुढं... नाही बोलला. माणूस वाईट नव्हता. सेटवर लाइटमन बोलत नाही, ही सवय होती.

पाळणा रडत होता. म्हातारीनं मूठ उतरवायला सुरुवात केली. "आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची, वाटंच्या वाटसराची..." तीन वेळा वरपासून खालपर्यंत. मग मूठ चुलीत टाकली, आणि थांबली.

ती कशासाठी थांबली, हे तुमच्या आज्यांना विचारा. मिरच्या जळल्या की ठसका लागतो. सगळं घर खोकतं. ठसका लागला की बायका म्हणतात, चला, काही नव्हतं. आणि ठसका लागलाच नाही, तर समजायचं की दृष्ट जबर आहे. मिरचीचा तिखटपणासुद्धा खाऊन बसलीय.

मोहरी तडतडली नाही. ठसका नाही. पाळणा रडतोय.

"लई जबरी हाय," म्हातारी म्हणाली. "कुनाची लागली म्हनायची येवढी?"

परत मूठ भरली. परत उतरवली. टाकली. काही नाही. तिच्या तोंडाचा रंग उडाला. ती घाबरली होती. कुणासाठी, तर कुणाच्या कोण पोरासाठी. आणि पाळण्यातला कॅमेरा तिच्याकडं वर बघत होता, आणि खालून नारिंगी उजेड, आणि नाकाची सावली कपाळावर. सत्यजीतनं अंधारात दोन बोटं वर केली. वाढव. पोपटनं वाढवला.

मागं शूटिंगची पोरं तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. पाचव्यांदा म्हातारी रडायला लागली. बरणी पालथी केली तिनं. "मीठ सरलं रं माझं." पाळण्याच्या कडेला कपाळ टेकलं. "बिरोबा, माझं काय बी कर. लेकराला हात लावू नगंस." सत्यजीतनं तेही घेतलं. दीड मिनिट. मला ह्याची किळस येते, पोरांनो. भुताची नाही येत. त्या दीड मिनिटाची येते.

"कट."

कुणीतरी दुपट्यात हात घालून मोबाईल बंद केला. रडणं थांबलं. पोपटनं डिमर खाली आणला. चुलीतला उजेड गेला.

म्हातारीच्या तोंडावरचा गेला नाही.

पोपटला वाटलं, बटण अडकलं. परत फिरवलं. विटांच्या आत काळोख. पट्टी विझलेली. पण पाळण्यावर ते तोंड... तसंच. खालून उजळलेलं. नारिंगी. हलतं.

त्यानं प्लग उपटला. वायर हातात धरली.

तोंड तसंच.

कुणी हसत नव्हतं आता. बाहेर ओरडून जनरेटर बंद करायला लावला. आवाज थांबला. पंखा थांबला. सोळा माणसं. काळी खोली. एक तोंड.

नाकाची सावली कपाळावर.

"झालं का रं?" म्हातारीनं विचारलं. तिला स्वतःला काहीच दिसत नव्हतं. "गप झालं न्हवं? बरं वाटलं त्याला?"



"कुनी बोलत का न्हाई?..."

आणि मग ठसका लागला.

सगळ्यांना. एकदम. घशात, नाकात, डोळ्यांत. जळक्या मिरचीचा. पोपट म्हणायचा, काळीज बाहेर येतं की काय असा खोकला. कुणी पाळण्यावर आदळलं, कुणी स्टँडवर. कुणाच्या तरी हाताला खिडकीचं काळं कापड लागलं आणि त्यानं ते ओढून काढलं.

ऊन आत आलं. पावणेतीन वाजलेले. बानूबाई पाळण्यापाशी बसलेली, साधी, रोजच्यासारखी, डोळे पुसत. पोपटनं विटांत बघितलं. नारिंगी कागदावर मिठाचा ढीग, मोहऱ्या, आणि मिरच्या. सगळ्या अख्ख्या. एकीचंही टोक काळं नाही. कागद हाताला गार.

सत्यजीत म्हणाला, एलईडीत करंट राहतो थोडा वेळ. आणि ठसका? शेजारच्या वस्तीवर कुणी मिरची भाजत असेल. सगळ्यांनी मान हलवली. माणसांना काहीतरी कारण लागतं, मिळालं की जेवायला बसतात. तेही जेवायला बसले. म्हातारीला, बाळ आईबरोबर पुण्याला गेलं, असं सांगितलं. पोपट संध्याकाळी सरळ घरी आला. गूळ आणायचा राहिला.

पुढचं तुम्ही कदाचित मोबाईलवर बघितलं असेल, लहान होता तुम्ही. चाळीस सेकंदांची क्लिप. काळी चौकट, अर्धी रिकामी. बाळ रडतंय. रिकाम्या बाजूनं हळूहळू, इतकं हळू की आधी कळतच नाही, ते तोंड येतं आणि तुमच्यावर वाकतं. तिचं बोलणं काढून टाकलं होतं, त्या जागी घरघर भरली होती. ओठ हलताना दिसतात. पोराला वाचवायला रडणारी बाई, बघणाऱ्याला वाटतं पोराला खायला बसलीय. तोंडावरचं काहीच खोटं नाही त्यात, फक्त उजेड खालून आहे.

वरवंडात प्रत्येकाच्या मोबाईलवर गेली ती. आधी लोक हसले. मग एका बाईचं पोर तापानं फणफणलं, आणि तिला आठवलं की महिन्यापूर्वी बानूबाईनं त्याला मांडीवर घेतलं होतं. झालं. तिच्या दारात यायचं बंद. बाजारात ती दिसली की बाया पोराच्या तोंडावर पदर ओढायला लागल्या. त्यातल्या निम्म्यांची दृष्ट तिनंच काढलेली, ह्या पोरांच्या वयाच्या असताना. धनश्री जूनमध्ये बाळंत झाली, मुलगी झाली. सासूनं सांगितलं, पणजीपुढं न्यायची नाही. धनश्री रडली, भैरू व्याह्यांच्या पाया पडला. नाही म्हणजे नाही. भैरू मग शिरूरला सत्यजीतकडं गेला, क्लिप काढा म्हणून. तो म्हणाला, "काका, ती कला आहे. लोकांना कळतं." थू.

पोपट आठ-नऊ महिने झोपला नाही नीट. शेवटी डिसेंबरमध्ये गेला वरवंडला. दुपारीच गेला, मुद्दाम, उन्हात. म्हातारी पडवीत बसलेली, निम्मी झालेली. त्याला ओळखलं नाही तिनं. तो पायापाशी बसला.

"मावशी, म्या त्या शूटिंगातला. लाइटवाला. त्या दिशी ती चूल खोटी व्हती. आत बल्ब व्हता नुसता. मिरच्या जळल्याच न्हाईत, म्हून मूठ टाकली तवा ठसका न्हाई लागला."

तिचं तोंड उजळलं, खरंखुरं उजळलं.

"म्हंजी लेकरू बरं हाय? काय व्हतं न्हाई ना त्याला? म्या तवापास्नं दर ऐतवारी बिरोबाला उपास धरती रं, त्याच्या नावानं. त्याचं नाव बी ठावं न्हाई मला. नुसतं लेकरू म्हनती."

पोपट मला हे सांगताना इथं भिंतीला डोकं लावून बसला होता. म्हणाला, साहेबराव, मी तिथंच उठून यायला पाहिजे होतं. बरं आहे बाळ, एवढं म्हणून. पण खरं सांगायचं ठरवून गेलेला माणूस. सांगितलं.

"मावशी... लेकरूच नव्हतं. पाळण्यात कॅमेरा व्हता."

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. आधी चांगल्या डोळ्यानं. मग मान वळवून, त्या पांढऱ्या डोळ्यानं.

"मग म्या काढली कुनाची?"

पोपटनं मान खाली घातली.

"आन् ती जाळली न्हाई. मग ती हाय कुठं?"

ती रागावली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच दोनदा विचारलं, आणि मग त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. ऊन होतं, तरी पोपटला थंडी वाजली म्हणे. तो उठून आला. संक्रांतीच्या आधी चार दिवस म्हातारी गेली. धनश्रीची पोरगी त्या घरात पहिल्यांदा आली ती पणजीच्या दहाव्याला.

पोपटनं काम सोडलं. ती पट्टी मला आणून दिली. त्या वरच्या खोक्यात आहे, वायर मी कापून टाकलीय, ती कुणाला मिळणार नाही. आणि सुमित, अनसाबाईचं नाव परत निघालं तर बाकीचेही मिळणार नाहीत. मान हलवू नकोस, तोंडानं बोल. हं. ठीक.

आता मी बघितलेलं सांगतो, आणि मग न्या तुमचं सामान. दोन हजार तेवीस, मे महिना. पोपटच्या मुलीला मुलगा झाला. बारसं शिरूरला, तिच्या सासरी. मी गेलो होतो. पोर गुणी होतं, ह्याच्याकडून त्याच्याकडं फिरत होतं, सगळ्यांकडं हसत होतं. पोपटकडं दिलं, की किंचाळायचं. घेतलं की गप. परत दिलं की किंचाळायचं. पाहुणे हसले, आजोबांची मिशी टोचते म्हणाले. पोपटला मिशीच नाही. त्यानं चार वेळा हात पुढं केले, पाचव्यांदा खिशात घातले आणि घोळक्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. म्हणून मी सगळ्यांना अंगणात उभं केलं, त्यालाही ओढून रांगेच्या कडेला उभा केला, आणि फोटो काढला. ह्याच मोबाईलनं. घरी येईपर्यंत मी तो नीट बघितला नव्हता.

हा घे, हर्षदा. मोठा कर. वर वेळ आहे बघ, बारा वाजून दहा मिनिटं. ऊन डोक्यावर. मधली पोपटची बायको, आमची वहिनी, बघ तिच्या नाकाची सावली. ओठावर. तिच्या शेजारी जावई. ओठावर. त्या दोन म्हाताऱ्या, ती टोपीवाली पोरं, सगळ्यांची ओठावर.

आता कडेचा पोपट बघ.

खाली काय शोधतोस, सुमित? त्याच्या पायाशी काही नव्हतं. मी तिथंच समोर उभा होतो. सारवलेलं अंगण होतं नुसतं.